उतरलेली पट्टी

शुक्रवारी सहाला दुकानाची खिडकी वर सरकवली
तर एकहार्ट आधीच उभा, बिनबाह्यांच्या जॅकेटात.
बटणं आता लागत नाहीत, नुसतं अंगावर टाकलेलं.
‘आली का?’
आली. तीस प्रती.
मागच्या वेळी साठ मागवल्या होत्या,
त्यातल्या अकरा अजून तंबाखूच्या खोक्यांखाली आहेत.

वेटरशाख्ट. खाणीत हवा उतरते त्या विहिरीचं नाव
हर्नेतल्या चार पोरांनी उचललं,
माझ्याच खिडकीतून उधारीवर बिअर नेणाऱ्या.
पोरांची आता पासष्टी उलटली. खाणी बुजल्या.
उधारी एकाची अजून आहे.
कुणाची, ते सांगत नाही.

संध्याकाळी उंच टेबलांभोवती पंचायत बसली,
म्हणजे उभी राहिली.
एकहार्ट म्हणाला, हा ड्रम की बिस्किटांचा डबा?
योर्ग म्हणाला, डबा तर डबा, निदान माणूस बडवतोय;
मागच्या अल्बमात यंत्र होतं, आणि तूच डोलत होतास.
चेतिनला तिसरं गाणं आवडलं, पण लांबलं,
चौथं आवडलं नाही, पण लवकर संपलं,
तेव्हा एकूण हिशेब जुळतो म्हणाला.
नुसत्या पाट्या टाकल्यात, कुणी म्हणालं.
टाकायच्याच तर इतक्या जोरात टाकाव्यात, दुसरा म्हणाला.
‘आणि ड्रॅगन कुठे गेला? पूर्वी दर अल्बमात एक असायचा.’
‘पेन्शनीत.’

मग विषय पट्टीवर आला.
दोन स्वर खाली उतरवलीय,
एकहार्टनं बोटांनी मोजून दाखवलं,
जणू त्याच्याच घराचा जिना कुणी दोन पायऱ्यांनी कापला.
शहाऐंशी साली एसेनला हा माणूस
त्या वरच्या सुरावर इतका वेळ उभा राहिला
की हातातली बिअर गरम झाली.
‘गरमच होती,’ योर्ग म्हणाला, ‘इथूनच नेली होतीस.’
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.

मार्लेना, शेजारच्या बेकरीतली, सतराची असेल,
म्हणाली, मला आवडला.
आधीच्यांपेक्षा?
आधीचं काही ऐकलंच नाही मी.
सगळे तिच्याकडे बघत राहिले.
कुणी हसलं नाही.
मला वाटतं, हेवा वाटला त्यांना.

लोथार घडीच्या खुर्चीत, नाकात नळी,
पायाशी सिलिंडर, त्यावर वेटरशाख्टचं जुनं स्टिकर.
आत्तापर्यंत चकार शब्द नाही.
सातवं गाणं लागलं. गिटारी अचानक थांबल्या,
आणि सुराआधी गायकानं श्वास घेतला,
लांब, खरखरीत,
ओल्या खडीवरून फावडं ओढल्यासारखा.
‘गलथानपणा,’ एकहार्ट म्हणाला, ‘हे कापतात.’
लोथारनं हात वर केला.
‘मागे ने.’
नेलं. श्वास.
‘पुन्हा.’
पाच वेळा. त्या गाण्याला कुणी पुढे जाऊच दिलं नाही.
‘हा खाली काम केलेला आहे,’ लोथार म्हणाला.
त्याला एवढं बोलायला बराच वेळ लागला.
‘नाही रे, तो बँकेत होता,’ योर्ग म्हणाला.
लोथारनं विचार केला.
‘मग बँकेत धूळ असणार.’

अंधार पडल्यावर बहीण त्याला गाडीतून घेऊन गेली.
बाकीचे रिकाम्या बाटल्यांच्या पैशांवरून भांडले,
नेहमीसारखेच, मग तेही गेले.
सव्वीस प्रती खपल्या. एकहार्टनं दोन नेल्या,
एक ऐकायला, एक नावं ठेवायला असावी.

शनिवारी सहाला खिडकी वर सरकवली,
तर हा पुन्हा तिथेच. जॅकेट नाही, झोपेचा शर्ट.
‘त्या श्वासानंतर काय आहे?
काल ऐकायचं राहिलंच.’
‘तुझ्या घरी दोन प्रती आहेत, एकहार्ट.’
‘बायको झोपलीय.’
मी कॉफी ओतली, सातवं लावलं,
आवाज बारीक ठेवला.
तो कोपर टेकवून खिडकीत वाकला,
डाव्या कानानं. उजवा एसेनलाच गेला होता.